मोडलेली पिवळी रेघ

"माझ्या नवऱ्याचं डोकं फोडलं कुणीतरी, आणि पोलिसांनी धरलंय माझ्या दिराला," बाई दारातूनच म्हणाली. "त्यांनी नाही मारलं. कुणीतरी ऐका माझं."

तिच्या बाहीवरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. मेहुण्याने चहाचा कप खाली ठेवला. रक्त दिसलं की तो तोंड फिरवायचा, आणि तरी तो टिकून होता, बहिणीच्या नवऱ्याकडे, खाजगी तपासाच्या कामात मदतनीस म्हणून. त्यांना तो दाजी म्हणायचा; ऐकून ऐकून सगळेच त्यांना दाजी म्हणू लागले होते. "आमचे मेहुणे घरचं माणूस," दाजी लोकांना सांगत. "पगार वाढवून मागत नाहीत, आणि डोक्याला उगाच त्रास देत नाहीत."

"बसा," दाजी बाईला म्हणाले. "पहिल्यापासून सांगा."

तिचा नवरा मोटारमिस्त्री. त्याचं काम जरा वेगळं. एखाद्याची रोजच्या वापरातली साधी गाडी घ्यायची आणि त्याच कंपनीच्या वरच्या मॉडेलचे भाग तिच्यात बसवायचे: दिवे, आरसे, स्टिअरिंग, सीट. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की गाडी कारखान्यातूनच अशी आली.

"'काम दिसता कामा नये,' असं म्हणायचे," बाई म्हणाली. "आणि भाऊजींना नेमकं उलटं हवं. निळे दिवे, मागे पंख, गल्ली हादरवणारा सायलेन्सर. काल त्यावरून जुंपली. भाऊजींनी हातातला मोठा पाना उगारला. शेजारी गाड्यांच्या सीट शिवणारा सीटवाला आहे, त्याने पाहिलं."

"मारला?"

"फेकून दिला आणि रागाने निघून गेले. संध्याकाळी माफी मागायला परत आले तर हे रक्तात पडलेले. भाऊजींनी डोकं मांडीवर घेतलं, मला हाका मारल्या. आता त्यांच्या शर्टावर रक्त, पान्यावर बोटांचे ठसे. आणखी काय हवं पोलिसांना?" तिचा आवाज इथे फुटला. "सासू-सासरे लवकर गेले. भाऊजींना मी लहानाचं मोठं केलंय, दाजी. एक गेला. दुसऱ्याला जन्मठेप झाली तर मी त्या घरात कुणाचं तोंड बघू?"

दाजींनी टेबलावरची छत्री उचलली. म्हणजे काम घेतलं.

गॅरेज लहान, पण लख्ख. भिंतीवर पाने उंचीप्रमाणे टांगलेले, आणि त्यांच्यावर छातीच्या उंचीपर्यंत रक्ताचे शिंतोडे. जमिनीवरचं थारोळं एखाद्या सतरंजीएवढं होतं.

"मागून पहिला घाव," फौजदार म्हणाले. "पडल्यावर आणखी कितीतरी. हात आडवे घातले तर बोटं ठेचली. जबडा जागेवर नव्हता. एवढा राग भावाभावातच असतो, दाजी."

"किंवा एवढी भीती," दाजी म्हणाले. "मेहुणे, जरा गाडीत बसा."

मधोमध चार दारांची करडी गाडी उभी होती. रस्त्यात दिसली तर दुसऱ्यांदा बघणार नाही अशी, पण आत बसताच मेहुण्याला परक्याच्या दिवाणखान्यात आल्यासारखं वाटलं. मऊ चामड्याच्या, बटणावर हलणाऱ्या सीट. त्याने किल्ली फिरवली.

"एक लाल दिवा पेटलाय. माणूस, आणि त्याच्या पुढ्यात गोळा."

"एअरबॅगचा. विझतोय?"

"नाही. पण सीट काय झकास आहे हो! बटण दाबलं आणि बूड शेकायला लागलं."

"मेहुणे, खून झालाय इथे. शेकत काय बसलात? उतरा आणि सीटखाली बघा."

मेहुणा कुरकुरत वाकला. सीट जमिनीला धरून ठेवणारे चार बोल्ट होते. प्रत्येकाच्या डोक्यावरून खालच्या, गाडीच्या जमिनीला जोडलेल्या पट्टीवर बारीक पिवळी रेघ मारलेली. शेजारच्या सीटखाली बोल्टवरची टोपणं उचलून पाहिली, तर रेघा सरळ होत्या. ड्रायव्हरच्या सीटखाली मात्र बोल्टवरची अर्धी रेघ एकीकडे आणि पट्टीवरची भलतीकडे. बोल्टवरची प्लॅस्टिकची टोपणंही तिथे नव्हती. गालिच्यात त्यांचे तुकडे पडले होते.

"रेघ यांचीच," बाई दारातून म्हणाली. "बोल्ट नीट आवळून झाला की मारायचे, कारखान्यात मारतात तशी. पुढे कधी बोल्ट हलला तर रेघ मोडलेली दिसते. रेघ मारली म्हणजे काम संपलं."

गाडीशेजारी बाकावर लोहचुंबकाची वाटी होती, स्क्रू हरवू नयेत म्हणून ठेवतात तशी. मेहुण्याने त्यात बोट घातलं आणि तो कळवळला. बोटातून रक्त आलं.

"स्क्रू चावला तुम्हाला?" दाजींनी वाटीतून नखाएवढा पोलादाचा तुकडा सोडवला. पातळ, टोकदार, एका बाजूने धारेचा. कागदात गुंडाळून त्यांनी तो फौजदारांच्या हातात दिला आणि कानात काहीतरी सांगितलं. मेहुणा बोट चोखत राहिला.

तेवढ्यात गाडीची मालकीण आली, रुग्णालयातली सिस्टर. थारोळं बघून ती थबकली, पण डोळे फिरवले नाहीत. तिला सवय होती.

"रोज याच गाडीने ड्यूटीला जाते. पाठीचं दुखणं, म्हणून मिस्त्री म्हणाले, वरच्या मॉडेलच्या गरम होणाऱ्या सीट बसवू. काल दुपारी त्यांचा फोन आला. सगळं बसलं, पण ड्रायव्हरची सीट काही केल्या गरम होत नाही म्हणाले. मागचं कव्हर उघडून बघतो, उद्या न्या."

"कधी चूक व्हायची मिस्त्रींची?"

"त्यांची? पुढचा आरसा केसभर वाकडा बसला म्हणून त्यांनी गाडी परत मागून नेली होती."

दाजी छत्रीची मूठ फिरवू लागले. ते असे विचारात पडले की मेहुण्याला भूक लागायची.

सीटवाल्याचं दुकान शेजारीच. माणूस हडकुळा, तोंडात सुई धरूनच बोलणारा.

"खोटं कशाला बोलू? मिस्त्रीने माझा धंदा बसवला. पूर्वी लोक माझ्याकडून कव्हरं शिवून घ्यायचे, आता म्हणतात कंपनीचंच हवं. मी त्याला शिव्या घातल्यात, चारचौघांत घातल्यात. पण डोकं फोडायचं म्हणजे काय! मला सुई टोचली तरी मी बोंब मारतो."

"सीट काढता येते तुम्हाला?"

"काढतो, शिवतो, बसवतो. रोजचंच आहे. आणि बसवून झाल्यावर तो लाल दिवा पेटला ना, तर गिऱ्हाईक दारात धरणं धरून बसतं. म्हणून आधी बॅटरीची वायर सोडायची, चहा प्यायचा, तोवर उरलेला करंट उतरतो, मगच सीटखालच्या एअरबॅगच्या पिवळ्या पिनला हात लावायचा."

"काल संध्याकाळी कुठे होता?"

"इथेच, एकटा. साक्षीदार विचाराल तर ही शिलाई मशीन."

मिस्त्रीला जुने भाग पुरवणाऱ्या शेठचं यार्ड गावाबाहेर होतं. मोडक्या गाड्यांचे ढीग, आणि मध्ये शेठ, आवाज असा की कुत्रीही दबकून असावीत. दोन माणसं पहारीने एका गाडीचा दरवाजा उचकटत होती. वायर सोडवायची तसदी नाही. सरळ कापत होती.

"जरा हळू," मेहुणा न राहवून म्हणाला.

"अहो, मेलेल्या गाडीला काय दुखतंय?" शेठ गडगडाटी हसला. मग चेहरा पाडून म्हणाला, "मिस्त्री म्हणजे लाखात एक माणूस. भावानेच घात केला बघा."

"त्या सीट कुठून आल्या?"

"माझ्या भागीदाराच्या गाडीच्या. तो कायमचा परदेशी गेला. जाताना गाडी मला देऊन गेला, मी मोडून विकली."

"पत्र, फोन?"

"गेला तो गेला. विसरला गरिबाला."

"मिस्त्रीचा फोन आला होता काल?"

"छे! माझ्या माणसाने सीट पोचवल्या, तेव्हापासून बोलणंच नाही."

परतताना मेहुण्याने आपलं मत दिलं. "सीटवाला. हडकुळी माणसं फार राग धरून ठेवतात."

"आणि गोलमटोल माणसं?"

"ती निर्मळ असतात," मेहुणा पोटावर हात ठेवून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे गॅरेजमध्ये जमले. फौजदारांनी मिस्त्रीच्या धाकट्या भावाला बेड्या घालून आणलं होतं. पोरगं दोन दिवसांत निम्मं झालं होतं, ओठ फुटलेला, एक डोळा सुजलेला. वहिनीला बघून त्याने मान खाली घातली.

"आधी तो लाल दिवा विझव," दाजी त्याला म्हणाले. त्याने बेड्यांसकट गॅरेजमधल्या तपासणीच्या यंत्राची पिन गाडीला लावली, बटणं दाबली आणि दिवा गेला. "आता ही शेजारची सीट काढून खालची जमीन तपासायची आहे. सीटवाले, काढा बघू. आणि पुन्हा बसवा."

सीटवाल्याने सीट आधी पुढेमागे सरकवून चारी बोल्टांपर्यंत हात पोचतो का ते पाहिलं. मग बॉनेट उघडून बॅटरीची वायर सोडली आणि खरोखरच चहा मागितला. टोपणं नखाने अलगद काढून खिशात ठेवली. सीट बाहेर आली, खाली काहीच नव्हतं, सीट परत गेली, टोपणं बसली, बॅटरीची वायर जोडली गेली. किल्ली फिरवली. दिवा नाही.

"वा," दाजी म्हणाले. "पण वेळ फार लागला. शेठ, तुमच्यासाठी तर हे डाव्या हातचा मळ असेल."

"हा तर सोहळाच करत बसला!" शेठ बाह्या सरसावत पुढे झाला. "सरका बाजूला."

त्याने किल्ली फिरवली, बटणाने सीट पुढे-मागे पळवली आणि स्क्रूड्रायव्हर खुपसून टोपणं तोडली. टोपणांचे तुकडे गालिच्यात उडाले. बोल्ट सुटले, पिवळी पिन हिसकली गेली. किल्ली चालूच होती.

समोर लाल दिवा पेटला.

शेठ सीट उराशी धरून उभा होता. त्याला अजून काही कळलं नव्हतं.

"बसवा आता," दाजी म्हणाले. "परवा बसवलीत तशीच."

"परवा?"

"मिस्त्रीने चारी बोल्ट आवळून रेघा मारल्या, म्हणजे सीट बसली. तरी ड्रायव्हरच्या सीटच्या रेघा मोडल्या. त्यानंतर कुणीतरी ती काढली. धाकट्याने काढली असती तर दिवा विझवला असता, रेघ पुन्हा मारली असती. भावाच्या हाताखाली शिकलाय. सीटवाल्याचे हात तुम्ही पाहिलेत. या दोघांना बसवायची सवय आहे. तुम्ही आयुष्यभर मेलेल्या गाड्यांतून ओरबाडत आलात. तिथे दिवा कोण बघतो?"

"कुणाला काय पडलंय सीट काढायचं?" शेठचा आवाज बारीक झाला.

"काढली नाही, बदलली. मिस्त्री म्हणाला, ही सीट गरम होत नाही. आणि त्याच जागी बसून आमच्या मेहुण्यांचं बूड शेकलं. आज इथे आहे ती सीट मिस्त्रीने बसवलेली नव्हेच."

मेहुण्याला एकदम घाम फुटला. म्हणजे तपास त्याने लावला होता, आणि तोही बुडाने!

"मिस्त्रीने सीटच्या पाठीचं कव्हर उघडलं," दाजी पुढे म्हणाले. "आत वाळलेलं रक्त, फोममध्ये आरपार भोक, आणि गरम करणारी तार कापून सांगाड्यावर मोडलेलं सुऱ्याचं टोक. ते त्याने वाटीत ठेवलं, स्क्रू ठेवायचा तसं. तुमचा भागीदार परदेशी गेला नाही. तो गाडी चालवत होता, तुम्ही मागे बसला होता, आणि सुरा सीटच्या पाठीतून घातलात. कव्हर बदललंत, सीट ढिगात लपवलीत. पण तुमच्या माणसाने नेमकी तीच उचलून मिस्त्रीला पोचवली. मिस्त्रीचा तुम्हाला फोन आला. फोन कंपनीत त्याची नोंद आहे. तुम्ही मात्र बोलणंच नाही म्हणालात. दुसरी सीट घेऊन आलात, आणि पाना समोरच पडलेला होता."

फौजदार म्हणाले, "सकाळपासून आमची माणसं यार्डात आहेत, शेठ. सीट मिळाली. तो तुकडा भोकात बसतो."

शेठने उराशी धरलेली सीट फौजदारांच्या अंगावर फेकली. फौजदार आडवे झाले. भिंतीवरची जॅकची दांडी त्याच्या हातात आली आणि तो बाईकडे वळला, दाराच्या वाटेत तीच उभी होती. मेहुण्याने विचार केला नाही. तो त्याचा स्वभावच नव्हता. त्याने हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज त्याला आधी ऐकू आला, दुखणं मागून आलं.

दांडी पुन्हा वर गेली, पण खाली आली नाही. धाकट्याने मागून झेप घेतली होती. बेड्यांची साखळी शेठच्या गळ्यात रुतली. दोघे कोसळले, नेमके त्या वाळलेल्या रक्तावर. शेठचे डोळे बाहेर आले, टाचा फरशीवर आपटू लागल्या. फौजदार आणि शिपाई ओढत होते, पण त्या पोराचे हात सुटेनात.

"दादाची बोटं ठेचलीस!" तो ओरडत होता. "बोटं ठेचलीस त्याची!"

"भाऊजी!" बाई त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिने त्याचा सुजलेला चेहरा दोन्ही हातांत धरला. "तुम्ही खुनी नाही, असं मी दारोदार सांगत फिरलेय. मला खोटं पाडू नका."

शेठची एक टाच थांबली. मग साखळी सैल पडली, आणि धाकटा वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडू लागला. शेठ घशातून शिट्टीसारखा श्वास घेत पडून राहिला. तो जगला. जगला म्हणूनच खटला उभा राहिला, आणि धाकट्याचं नाव त्यातून सुटलं.

काही दिवसांनी सिस्टर गाडी न्यायला आली. मेहुणा हात गळ्यात बांधून तिथेच बसला होता. प्लॅस्टरवर दाजींनी 'घरचं माणूस' असं लिहून दिलं होतं. धाकट्याने स्वच्छ, नवी सीट बसवली. बॅटरी सोडायला तो विसरला नाही. नवे बोल्ट आवळले, नवी टोपणं जागेवर ठेवली. दिवा नाही, सीट गरम.

"निळे दिवे नाही लावलेस?" मेहुण्याने चिडवलं.

धाकटा हसला नाही. तो सीटखाली वाकला, टोपणं पुन्हा काढली आणि पिवळं पेन उघडलं. पट्टीवर दादाची अर्धी रेघ अजून होती. ती त्याने पुसली नाही. बोल्ट तसूभर आणखी आवळला, मग तिथूनच पुढे, बोल्टच्या डोक्यावर, तीच रेघ पुरी केली.

"वहिनी," तो आतून म्हणाला, "येऊन बघा. काम दिसतंय का कुठे?"

बाईने वाकून बराच वेळ बघितलं.

"नाही," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. "कुठेच नाही दिसत, भाऊजी."