ढगपूरची सात पानं

“अक्का, अंबूताई परत तेच पुस्तक नेऊ लागल्यात बघा.”

संक्रांत होऊन आठवडा झाला होता, तेव्हा कौसल्या हे म्हणाली होती. वाचनालय ज्योती सांभाळायची, झाडलोट कौसल्येकडे. पुस्तकं ती वाचत नव्हती, पण कुठलं कुणाच्या पिशवीत जातं ते तिच्या नजरेतून सुटत नसे.

ज्योतीनं मान वर न करताच सांगितलं होतं, “आवडत असेल त्यांना.”

त्या वेळी तिच्या आरुषीनं टेबलावरची टाचणी उचलली होती. दोन वर्षांच्या पोरीच्या हातातली टाचणी आधी, बाकी जग नंतर. घरातल्या प्रत्येक सॉकेटला चिकटपट्टी लावणारी, गॅस बंद केलाय का ते जिन्यावरून परत येऊन बघणारी ज्योती. पण कौसल्येचं बोलणं तिनं केरासारखं बाहेर जाऊ दिलं.

त्याची आठवण तिला एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी झाली.

हुबळीच्या दुर्गदबैलामागच्या गल्लीतलं ते मराठी वाचनालय. तिथं सगळ्यांत जास्त झिजलेली पुस्तकं ‘ढगपूर’ची. ढगावर वसलेलं गाव, त्याची नगरपालिका, वाऱ्यानं उडू नये म्हणून खिशात फायली भरून चालणारा नगराध्यक्ष आणि फक्त कचेरीच्या वेळेत मंत्र म्हणणारी चेटकीण घारूबाई. सव्वीस वर्षांत अठरा भाग झाले होते. परवा एकोणिसावा आला होता.

प्रत्येक भागाच्या शेवटी वाचनालयानं चार कोरी पानं शिवून घेतली होती. पुस्तक वाचून झालं की त्यावर मत लिहायचं. मताखाली एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: ‘हे पुस्तक आता कुणाला द्याल?’ महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचकमंडळ जमे आणि नवी मतं मोठ्यानं वाचली जात, खालची उत्तरं मात्र नाहीत. ‘ढगपूर’वरून दरवेळी भांडणं होत. कुणी म्हणे, पहिले सहा भाग सोनं, पुढं नुसतं पाणी. कुणी म्हणे, बारावा वाचताना इतकं हसलो की वरच्या मजल्यावरचे खाली आले.

उद्याच्या बैठकीसाठी मतं निवडायला ज्योतीनं तिसरा भाग उघडला. शेवटची दोन पानं नव्हती.

चौथा उघडला. एक पान नव्हतं. सातव्यातलं एक, अकराव्यातली तीन. एकूण सात पानं गायब.

“कौसल्या, ही पानं कुणी फाडली?”

“फाडली कुठं अक्का? फाटल्याचं दिसतंय काय?”

खरंच दिसत नव्हतं. कड चिरलेली नव्हती, कागदाची चिंधी राहिली नव्हती. शिवणीजवळ, अगदी आत, फक्त एक फिकट निळी रेघ होती.

तेवढ्यात गुरुराज आले. बँकेतून निवृत्त झालेले, ‘ढगपूर’चे सगळ्यांत कडवे टीकाकार. कुणाला द्याल या प्रश्नाला त्यांचं ठरलेलं उत्तर होतं: ‘शत्रूला.’

“गुरुराजअण्णा, एक विचारते, रागावू नका. मतांची पानं तुम्ही काढलीत?”

“मी? कशाला ओ?”

“कौतुकाची मतं होती त्यांवर. अंबूताईंची, बाकीच्यांची.”

“तिसऱ्यात माझंही होतं की! ‘अठ्ठेचाळीस विनोद मोजले, हसू तीनदा आलं.’ ते आहे?”

“नाही.”

“मग? स्वतःचं इतकं चांगलं वाक्य कोण फाडतो?” गुरुराज खरोखरच दुखावले. “आणि अंबूताई काय नुसतं कौतुक करत होत्या? आठवा की. जानेवारीत लिहिलं, हसून पोट दुखलं. फेब्रुवारीत त्याच पुस्तकावर, यात हसण्यासारखं काय आहे? मार्चमध्ये, नवा लेखक दिसतो, हात चांगला आहे. आम्ही लोळलो हसून. बाईंनी ढगपुरावरच ढगपूर केलं!”

ज्योतीला आठवलं. सगळे हसले होते. अंबूताईही हसल्या होत्या, सगळ्यांचं हसून झाल्यावर.

तिनं देवघेवीचं रजिस्टर ओढलं. अंबूताईंच्या नावावर तिसरा भाग चारदा, चौथा दोनदा, सातवा दोनदा, अकरावा तीनदा. बाकीचे भाग एकेकदाच नेलेले, आणि त्यांची पानं शाबूत.

जिन्यात चपला वाजल्या. अप्पाजी वर आले, अंबूताईंचे यजमान. सत्तरीचा माणूस, शाळांचे गणवेष शिवणारा. शर्टाच्या खांद्यावर निळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटलेला, कपाळावर घाम.

“अंबू इकडं आली काय?”

“नाही. का?”

“काही नाही. सहज.” ते लगेच वळले.

“थांबा अप्पाजी. पाणी घ्या. कधी निघाल्या त्या?”

“अकराला. मी काजं करत होतो, कळलं नाही.”

घड्याळात सव्वा वाजला होता.

“काय घेऊन गेल्या?”

“पिशवी. तुमचं पुस्तक, तिसरा भाग... नाही, चौथा.”

“दोन्ही इथं आहेत. मग नवा असेल, एकोणिसावा?”

“तोच, तोच असेल. अळणावरला बहिणीकडं गेली असेल.”

“बहिणीला फोन केलात?”

अप्पाजी पाण्याचा पेला हातात नुसताच फिरवत राहिले.

“अंबूताईंना बहीण आहे?” ज्योतीनं हळू विचारलं.

“नाही,” अप्पाजी म्हणाले आणि खुर्चीत बसले, बसले म्हणजे पडलेच.

ज्योतीनं आरुषीला कडेवर घेतलं. तिनं कौसल्येला पोलीस चौकीवर पाठवलं: वय सदुसष्ट, साडी कुठली ते अप्पाजींना विचार, जा लवकर. मग ती अप्पाजींसमोर खाली, जमिनीवरच बसली.

“अप्पाजी, पानं तुम्ही काढलीत.”

“एनरी हे? काय बोलताय?” गुरुराज ओरडले. “त्यांनी कधी ढगपूर हातात तरी धरलं का? ते इथं नुसता पेपर वाचतात!”

“म्हणूनच. धारवाडला कॉलेजात असताना हॉस्टेलच्या पोरींची एक युक्ती होती. दोरा ओला करायचा, पुस्तकाच्या शिवणीत ठेवायचा, पुस्तक मिटून तासभर बसायचं. पान आवाज न करता सुटून येतं. मीही एकदा केलंय. पण आमचा दोरा पांढरा असायचा. इथं निळा डाग पडलाय, रंग सोडणारा, गणवेषाचा दोरा. इथं दर शनिवारी अंबूताईंबरोबर येऊन, मिटलेल्या पुस्तकावर पेपर पसरून तासभर बसणारं दुसरं कोण आहे?”

अप्पाजींनी खांद्यावरचा दोरा उचलला आणि बोटाला गुंडाळू लागले.

“मला आधी वाटलं, कुणाला तरी कौतुक खुपतंय. पण पानं मतांवरून निवडलीच नव्हती. गुरुराजअण्णांचं मत उगाच सोबत गेलं. निवडली ती अंबूताईंची. त्यातही जी पुस्तकं त्यांनी पुन्हा पुन्हा नेली, फक्त त्यांतली. कारण दरवेळी त्या ते पहिल्यांदाच वाचत होत्या. ती गंमत नव्हती, अप्पाजी. त्यांना आठवत नव्हतं.”

गुरुराज भिंतीला टेकले. “आणि आम्ही हसलो,” ते स्वतःशीच म्हणाले.

“डॉक्टर डिसेंबरातच बोलले,” अप्पाजींचा आवाज दोऱ्याइतका बारीक झाला. “मी म्हटलं, इथं येऊ दे. पुस्तकं तिला आवडतात. वरचं लिहिलेलं वाचून हसलात, ते मी गिळलं असतं. खालची ओळ वाचून हसला असता, तर मी मेलो असतो.”

“कुठली ओळ?”

“कुणाला द्याल, ती.”

“नवं पुस्तक कुणाला तरी द्यायलाच निघाल्या असतील. त्या ओळीनंच त्या सापडतील, अप्पाजी. पानं कुठं आहेत?”

पानं दोन गल्ल्या पलीकडे, शिलाई मशीनच्या खणात होती. बॉबिनांच्या डब्याखाली, नीट एकावर एक. अंबूताईंचं अक्षर जानेवारीत सरळ होतं. मार्चपर्यंत ते उताराला लागलं होतं.

कुणाला द्याल? ‘आमच्या ह्यांना. पण हे वाचणार नाहीत.’

कुणाला द्याल? ‘पद्मीला.’

कुणाला द्याल? ‘पद्मीला. तिला घारूबाई फार आवडते.’

शेवटचं पान: ‘पद्मीला. शाळा सुटल्यावर गेटवरच देते, म्हणजे वाट बघावी लागणार नाही.’

“पद्मी कोण?” गुरुराजांनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्यांनाच नको झालं.

“पद्मा. आमची मुलगी. पहिले चार भाग दोघींनी मिळून वाचले. एक पान ही, एक पान ती.” अप्पाजी मशीनच्या चाकाकडे बघत होते. “दोन हजार तीन. ताप डोक्यात गेला. अकरा वर्षांची होती. नंतर आम्ही धारवाड सोडलं. घरात तिचं नाव घेत नव्हतो आम्ही. बावीस वर्षं. आणि ही लिहून ठेवू लागली, सगळ्या गावानं वाचायला.”

“शाळा कुठं होती?”

“धारवाडात, लाईन बाजाराच्या मागं. आता कुठली शाळा? पोरं नाहीत म्हणून बंद पडली.”

“शनिवारची कधी सुटायची?”

अप्पाजींनी पहिल्यांदाच वर बघितलं. “बाराला.”

अकराला निघालेली बाई. शनिवार. बारा.

“गुरुराजअण्णा, गाडी आहे?”

“खाली आहे. चला.”

हुबळी ते धारवाड वीस किलोमीटर. शेजारच्या राखीव रस्त्यावरून धारवाडची चिगरी बस सुसाट जात होती. असल्याच बसमध्ये बसल्या असतील त्या, ज्योतीच्या मनात आलं, खिडकीजवळ, मांडीवर पुस्तक घेऊन. नवलूर गेलं. आरुषी ज्योतीच्या कुशीत झोपली होती आणि ज्योती तिच्या छातीचं वरखाली होणं मोजत होती. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. तीन महिने कौसल्येचं ते वाक्य तिच्यापाशी पडून होतं.

शाळेच्या जागी फरशांचं गोदाम झालं होतं. लोखंडी गेट तेवढं जुनं. त्याच्या कडेला, जिथं सावली कधीच सरकून गेली होती, अंबूताई बसल्या होत्या. मांडीवर एकोणिसावा भाग. ओठ सुकून पांढरे.

गोदामाचा राखणदार धावत आला. “अज्जी आगिंद इल्ले कुंतार्री! बारापासून इथंच बसल्यात. पाणी दिलं, घेईनात. आत या म्हटलं, येईनात. म्हणतात, पोरगी चुकेल.”

ज्योती त्यांच्याजवळ उकिडवी बसली. “अंबूताई, चला. ऊन लागतंय.”

“सुटली काय गं शाळा?”

ज्योतीनं राखणदाराचा तांब्या जवळ ओढला. तिच्या कडेवर आरुषी जागी झाली होती, घामेजलेली, डोळे चोळत. अंबूताईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांचा अख्खा चेहरा उजळला.

“आली बघ! किती उशीर गं पद्मे? बाईंनी थांबवून घेतलं काय?”

त्यांनी हात पुढं केले.

ज्योती आपली मुलगी कुणाच्या हातात देत नसे. सासूनं घेतली तरी तिचा एक हात पोरीच्या पाठीमागे असे. तिनं आरुषीला अंबूताईंच्या मांडीवर बसवलं आणि दोन्ही हात काढून घेतले.

“घे. नवीन आलाय,” अंबूताईंनी पुस्तक आरुषीच्या हातात दिलं. “आधी तू वाच. मला मग सांग, घारूबाईचं काय झालं.”

आरुषीनं पुस्तक उलटं धरलं आणि खुदकन हसली. ते ऐकून अंबूताईही हसल्या, या खेपेला लगेच.

मग राखणदाराच्या तांब्यातलं पाणी त्या घटाघट प्यायल्या.

अप्पाजी चार पावलांवर उभे होते. पुढं येत नव्हते. अंबूताईंचं लक्ष त्यांच्याकडे गेलं, त्यांनी पदर सारखा केला आणि ज्योतीला दबक्या आवाजात विचारलं, “हे कोण? रिक्षावाले काय?”

गुरुराजांनी तोंड फिरवलं.

अप्पाजी एक पाऊल पुढं आले. “हो बाई,” ते म्हणाले. “रिक्षा आणलीय. चला, घरी सोडतो.”

“किती घेणार?”

“तुम्ही द्याल ते.”

त्या रविवारी बैठक झाली नाही. सात पानं ज्योतीनं मागितली नाहीत. पोलिसांकडची नोंद गुरुराजांनी जाऊन मिटवली.

नंतरच्या दोन आठवड्यांत ज्योती अप्पाजींच्या घरी तीनदा गेली. पहिल्यांदा दार उघडलं. दुसऱ्यांदा अर्धं. तिसऱ्यांदा आतूनच आवाज आला, “बरं आहे सगळं, या तुम्ही.” मशीनचा आवाज नव्हता. कौसल्या म्हणाली, जूनच्या गणवेषांचं काम त्यांनी परत केलंय. ज्योतीनं या खेपेला मान वर करून ऐकलं.

आज आरुषीला ताप होता. डॉक्टर म्हणाले, साधा आहे. ज्योतीनं तरी पाच वेळा कपाळ चाचपलं होतं आणि एवढ्या सकाळी फक्त अर्ध्या तासासाठी वाचनालय उघडलं होतं. गुरुराज एकोणिसावा भाग परत करायला आले.

“कसा वाटला?” तिनं विचारलं.

“हसू आलं नाही. पुस्तकाचा दोष नसेल.” त्यांनी चष्मा पुसला. “लोक काहीही म्हणू देत. मी मत लिहीत नाही आता.”

“नका लिहू. एक काम करा, तापातल्या पोरीला घेऊन मला जाता येत नाही. तुम्ही त्याच गल्लीतनं घरी जाता ना?”

“हौद्री, तिथनंच. का?”

“अप्पाजींची कडी वाजवा. उशीर लागेल, थांबा. सगळं बरं आहे म्हणाले तरी परत फिरू नका, मी तीच चूक केली. आत जा. दोघांपैकी कोण बोलतं ते बघा, आणि जो बोलत नाही त्याच्याजवळ बसा. जेवलात काय म्हणून विचारू नका, हो म्हणतील. भांडी बघा. आत्ताच जा अण्णा, मला फोन करा. मी इथं हातात फोन धरून बसते.”