मर लागलेली मिरची

वाणगावच्या रस्त्यावर रिद्धीनं स्कूटर थांबवली, कारण बांधावर एकजण उपटलेली मिरचीची रोपं पेटवायच्या बेतात होता.

"थांबा... जाळू नका. मला द्याल ती?"

त्यानं काडी विझवली. "लोक जिवंत मिरची मागतात, ताई."

"ताई नको," ती पटकन म्हणाली आणि उगाचच लाजली.

त्याचं नाव कुंदन. रिद्धी बोईसरला, शेतीची औषधं बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. मुळांतून शिरून उभं झाड सुकवणाऱ्या मर रोगाच्या बुरशीवर तिचं काम चाललं होतं. आठवड्यानं ती परत आली, कुंदनच्या शेतात नव्या औषधाची चाचणी घ्यायला. सोबत सूक्ष्मदर्शकही आणलं... खरं तर त्याची गरज नव्हती.

कुंदन भिंगात डोकावला. "केसासारखे धागे दिसतात."

"ते टोकाकडून वाढतात. टोकाला लागणारा माल आतून ओढून नेणारं एक प्रथिन असतं, इवलीशी मोटारच म्हणा. आमचं औषध त्या मोटारीला धरून ठेवतं. माल पोचला नाही की टोक पुढं सरकत नाही."

"आनि मिरचीची मोटार?"

"तिची घडण वेगळी. तिला हे औषध धरत नाही."

"बरं हाय," भिंगावरचा डोळा न काढता तो म्हणाला. "तुमी इतक्या जवळ उभ्या, की माझीच बंद पडायची."

रिद्धीनं ओठ दाबून हसू आवरलं.

हिवाळाभर ती दर गुरुवारी येत राहिली. कुंदनची आई, जमनाबाई, तिला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढायची. औषधाविना ठेवलेल्या ओळी सुकल्या. औषध दिलेल्या हिरव्यागार उभ्या होत्या. प्रयोगशाळेचे प्रमुख मनीष साहेब खूश होते.

एकदा मात्र ती न कळवता बुधवारीच आली. कुंदन औषध दिलेल्या ओळीत तेवढ्याच उंचीची नवी रोपं लावत होता. बाजूला सुकलेल्या रोपांचा ढीग.

"याच ओळीतली?"

त्यानं मान खाली घातली. "पंधरवडा झाला, बदलतोय."

तिचे डोळे भरून आले. "सगळे आकडे खोटे झाले. बुरशीनं मोटारीची घडण बदलली असेल, मग औषध धरणार कसं? तेच तर शोधायचं होतं... का केलंत असं?"

"औषध हरलं कळलं, तर तुमी येनं बंद कराल वाटलं."

"उलट रोज आले असते मी," ती हळूच म्हणाली.

वाऱ्यानं मिरचीची पानं सळसळली.

"उद्या साहेबांना खरं सांगावं लागेल," ती म्हणाली.

"मी येतो संगं. चूक माझी हाय."

इस्त्रीचा शर्ट घालून तो खरंच बोईसरला आला. सगळं ऐकल्यावर साहेबांनी एवढंच विचारलं, "पण का?"

"या येत राहाव्यात म्हनून," कुंदन म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. रिद्धी खिडकीबाहेर बघत राहिली. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

जिन्यावर तिनं त्याचा हात धरला. "मला आधी सांगता येत नव्हतं?"

"तुमी मोटारीबिगर दुसरं काय बोलू द्याल तर ना."

"बोला मग. ऐकतेय."

पुढच्या हंगामात बदललेल्या बुरशीवरची चाचणी शेजारच्या झिपरूकाकांच्या शेतात घ्यावी लागली. कर्मचाऱ्याच्या घरच्या शेतातले आकडे धरायचे नाहीत, असा कारखान्याचा नियमच होता.