अजून थोडा उजेड

तो दुकानात शिरला तो आधी स्टुलाला धडकला, मग काउंटरच्या कडेला उघडून ठेवलेल्या रेडिओला. रेडिओ मी वेळेवर पकडला. स्टूल मात्र पडलंच.

"सॉरी, सॉरी," तो स्टुलालाच म्हणाला.

मी आत बाबांकडे वळून मराठीत पुटपुटले, "डोळे कुठे ठेवून येतात लोक, कोण जाणे!"

"घरी राहिले वाटतं," काउंटरपलीकडून स्वच्छ मराठीत उत्तर आलं. "उद्या आठवणीनं घेऊन येतो."

कानाच्या पाळ्या गरम झाल्या माझ्या. उज्जैनमध्ये हा धोका नेहमीचाच. दिवसभर हिंदी बोलायचं, एखाद्याला हळूच मराठीत नावं ठेवायची, आणि तो नेमका आपल्यातलाच निघायचा!

सत्त्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती. माधवनगरात बाबांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं, काम माझ्याकडे आलं होतं; पॉलिटेक्निकचा डिप्लोमा होताच. तरी येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "मिस्त्री कहाँ हैं?"

यानं ते विचारलं नाही. खिशातून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढून सरळ माझ्यासमोर ठेवली. हातात धरून खेळायचा जपानी व्हिडिओ गेम होता तो. खाली चार पेन्सिल सेल, वर हिरवट पडदा.

"मावसभावानं सिंगापूरहून पाठवलाय. चालतो छान… पण पडद्याला आतून उजेडच नाही. खिडकीत बसलो तरच दिसतो. याला आतून दिवा बसवता येईल?"

"येईल. पडद्यामागचा चंदेरी कागद सोलून काढावा लागेल. बिघडला तर मी जबाबदार नाही."

"आणि चांगला झाला तर?"

"तर मी जबाबदार."

तो हसला. हसताना तो माझ्याकडे अगदी रोखून बघायचा… म्हणजे इतकं सरळ, की मलाच नजर खाली घ्यावी लागली. नाव अनय. राहायला नानाखेड्याच्या नव्या कॉलनीत, मोठ्या बहिणीबरोबर. एका बिल्डरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायचा.

मी पडद्यामागे चार बारके हिरवे दिवे बसवले. पाच दिवसांनी तो परत आला.

"दोन तक्रारी आहेत. एक, सेल अडीच तासांत संपतात. दोन, उजेड कमी आहे."

"या दोन तक्रारी एकत्र नाही करता येत," मी म्हणाले. "दिवे मशीनइतकीच वीज खातात. उजेड वाढवला तर सेल आणखी लवकर जातील. काहीतरी एक निवडा."

"उजेड," तो म्हणाला. क्षणभरही थांबला नाही.

मग मी दिवे आठ केले, आणि चार्ज होणारे सेल घातले. बाजूला भोक पाडून पिन बसवली, चार्जर घरीच बनवला. देताना त्याला बजावलं, "चौदा तास चार्जिंग. त्याच्यावर नाही. सेल गरम लागले की काढायचे. वीज गेली तर तेवढा वेळ धरायचा नाही. आणि साधे सेल चुकूनसुद्धा चार्जिंगला लावायचे नाहीत, फुटतात."

"इतके नियम तर माझ्या आईनं पण नव्हते घातले."

"अहो, सेल फुगले तर…"

"अहो नको हं. लोकांना वाटेल लग्न झालंय."

आतल्या खोलीत बाबा खोकले. मी तोंड फिरवून स्क्रू शोधायला लागले, जो माझ्या हातातच होता.

त्यानंतर तो आठवड्यातून दोनदा तरी यायचा. काल तीनदा वीज गेली, चौदा तास कसे मोजू? सेल कोमट आहेत, म्हणजे गरम का? चार्जरची पिन सैल वाटते, बघतेस? बाबा कधी आतून म्हणायचे, "भई, हा गेम खेळतो कधी? रस्त्यातच असतो हा तर!" मी पुढचा डाग द्यायला घ्यायचे. पण दुपारचे चार वाजले की माझं लक्ष दाराकडे जायचं, आणि तो यायच्या आधी मी दारातलं स्टूल बाजूला सारून ठेवायचे. का, ते तेव्हा स्वतःला विचारलं नव्हतं. आपलं माणूस धडपडू नये, एवढंच.

एकदा म्हणाला, गेम चालूच होत नाही. उघडून बघितलं तर चारपैकी एक सेल उलटा.

"अधिक-उणेच्या खुणा एवढ्या मोठ्या आहेत. नकाशे काढतोस ना तू?"

एरवी त्यानं काहीतरी परतफेड केली असती. त्या दिवशी नुसता "हं" म्हणाला. आणि मग हळूच, "मृणाल… अजून थोडा उजेड वाढतो का बघ ना."

मी मीटर लावून सगळं तपासलं. दिवे पुरेसे होते. त्याहून जास्त घातले असते तर सेल तासभरही टिकले नसते. मी बाबांना दाखवलं, ते म्हणाले, "अगं, हा तर झळकतोय! आणखी काय पाहिजे त्याला?"

पौषात एका संध्याकाळी पावसाळी हवा होती. सहालाच अंधारून आलं आणि वीज गेली. तो समोर बसलेला. मेणबत्ती सापडेना, तेव्हा मी त्याचा गेमच चालू करून काउंटरवर उभा ठेवला. आठ दिव्यांचा हिरवा उजेड अख्ख्या काउंटरवर पसरला. त्याचं कपाळ दिसत होतं, शर्टाचं वरचं बटण दिसत होतं. समोरच्या टपरीवरून चहा आलेला होताच. मी एक ग्लास उचलून त्याच्यासमोर धरला.

त्यानं घेतला नाही. माझ्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे बघत नुसता बसून राहिला.

"चहा," मी म्हणाले.

त्यानं एकदम हात पुढे केला. ग्लास उडाला, चहा दोघांच्या हातांवर.

"भाजलं का तुला? मृणाल? कुठे भाजलं?"

"नाही भाजलं. अनय… ग्लास तुझ्या समोर होता."

 मग त्यानं विचारलं, "तुला आत्ता काय काय दिसतंय?"

"सगळं. तू दिसतोयस, स्टूल, ड्रॉवर…"

"मला तो पडदा दिसतोय. एक हिरवा चौकोन. त्याच्या बाहेर काही नाही."

मग त्यानं सांगितलं. अंधारात आधीपासून कमी दिसायचं. दोन वर्षांपासून दिवसाही कडा जायला लागल्या होत्या, नळीतून बघितल्यासारखं. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्याचा आतला पडदाच वाळत चाललाय, औषध नाही. काही वर्षं, मग तेही नाही. ऑफिसात एका बंगल्याच्या नकाशात पूर्वेचा दरवाजा काढायचा राहून गेला होता, तेव्हापासून साहेब त्याचं प्रत्येक पान दुसऱ्याकडून तपासून घेत होते.

"गेम मी रोज त्याच जागी बसून खेळतो," तो म्हणाला. "वरून विटा पडतात, त्या नीट बसवायच्या. मागच्या महिन्यात किती ओळी झाल्या, या महिन्यात किती… कमीच होत जातात. मला वाटायचं, उजेड कमी पडतोय. तू वाढवशील, मग ठीक होईल. तू वाढवत होतीस पण…"

पहिल्या दिवशी मी काय बोलले होते, ते मला आठवलं. तो हसला होता तेव्हा. मी काउंटरला वळसा घालून त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि त्याचा चहानं चिकट झालेला हात हातात घेतला. वीज येईपर्यंत आम्ही तसेच बसलो. बाबा आतून बाहेर आले नाहीत.

त्यानंतर तो तीन आठवडे आलाच नाही.

त्या तीन आठवड्यांत मी सेल काढून त्यातच बसवायचे, असा एक नवा चार्जर बनवला. सेल भरले की तो आपोआप बंद व्हायचा आणि दोनदा वाजायचा, म्हणजे चार्जिंगचा लाल दिवा बघायला नको. सेलच्या प्रत्येक खाचेत अधिकच्या टोकाला मी कथलाचा एक बारीक टिपका उठवला, बोटाला लागेल असा. तो चार्जर घेऊन मी नानाखेड्याला गेले. दार जयूताईंनी उघडलं, म्हणजे त्याच्या बहिणीनं. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तू मृणाल ना? आत ये बेटा. गच्चीवर आहे तो." आणि स्वतः खालीच थांबल्या.

लख्ख ऊन होतं. त्यानं चार्जर हातात घेतला. बोट खाचेवरून फिरलं, टिपक्यावर थांबलं, पुढच्या खाचेत गेलं, परत थांबलं.

"म्हणजे तू ठरवूनच टाकलंस," तो म्हणाला. "मला दिवा दिसणार नाही."

"मी एवढंच ठरवलं, की तुला कुणाला विचारायला लागू नये."

त्याचा चेहरा वाकडा झाला. त्यानं तो भिंतीकडे वळवला. मी सगळा धीर गोळा केला… असं बोलायला मुली धजत नव्हत्या तेव्हा, निदान आमच्या घरांतून तरी.

"अनय, मला तुझ्याबरोबर राहायचंय. मी दयेनं नाही म्हणत. मला चार वाजले की दुसरं काही सुचत नाही."

"मला पण नाही सुचत," तो म्हणाला. "केव्हापासून ते विचारू नकोस." मग चार्जर खाली ठेवून, "पण आत्ता हो म्हटलं ना, तर ते मी घाबरून म्हटलेलं असेल. पडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. तुला मी तसं नाही धरणार."

पुण्यात अंध मुलांना टेलिफोन ऑपरेटरचं शिक्षण देतात, तिथे त्यानं नाव घातलं होतं. काठी घेऊन चालायलाही शिकवतात, म्हणाला. वर्षभर लागेल.

"मी थांबते."

"थांबू नकोस, असं म्हणायचं ठरवलं होतं मी."

"मग म्हण."

त्यानं तोंड उघडलं… आणि म्हणू शकला नाही.

नंतरचं आधीच सांगून टाकते. त्याला पुण्यात एका ऑफिसच्या टेलिफोन बोर्डावर नोकरी लागली; जयूताईही तिथेच राहिल्या. पत्रं येत राहिली. अक्षर ओळीवरून घसरत गेलं, मग जयूताईंच्या अक्षरात यायला लागलं. तिसऱ्या वर्षीच्या पत्रात त्यानं एकच मागणं केलं होतं, की मी आता थांबू नये. गच्चीवर जे जमलं नव्हतं, ते त्यानं बहिणीकडून लिहवून घेतलं. मी त्यानंतरही दीड वर्ष थांबले. मग माझं लग्न झालं, रतलामला. माणूस चांगला आहे. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण मला सांगायचंय ते तो पुण्याला निघाला त्या दिवशीचं, देवासगेटच्या बस स्टँडवरचं. माघ लागला होता, संध्याकाळचे सात वाजले होते. इंदूरहून पुण्याची रात्रीची गाडी पकडायची होती त्याला आणि जयूताईंना. मी येऊ नये असं त्यानं कळवलं होतं, तरी मी गेले. बसच्या दाराशी सामान ठेवून जयूताई तिकिटाचं बघायला गेल्या होत्या, आणि तो एकटाच उभा होता. मी त्याच्यापासून दोन हातांवर जाऊन उभी राहिले. तो माझ्याकडेच बघत होता. सरळ. आणि त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

मला वाटलं, असंच उभं राहावं. त्याला कळूही नये. पण नाही राहवलं.

"अनय."

"मृणाल?" त्याचा हात हवेत आला, मी तो धरला. "किती वेळची उभी आहेस?"

"आत्ताच आले."

"खोटं. धाप नाही लागलेली तुला." तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "बोलत राहा काहीतरी. बस सुटेपर्यंत."

मी काय बोलले, ते आता आठवत नाही. सेल, चार्जिंग, पुण्याची थंडी… काहीही. जयूताई आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्याला वर चढवलं. त्याला खिडकीची जागा मिळाली. इंजिन सुरू झालं, आणि त्या गोंगाटात माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचेनासा झाला.

त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून हलवायला सुरुवात केली. पण मी जिथे उभी होते तिथे नाही. पलीकडे, उसाच्या रसाच्या गाडीकडे, जिथे कुणीच नव्हतं.

मी माणसांतून, सामानातून वाट काढत धावले, आणि तो हात हलवत होता त्या जागी जाऊन उभी राहिले. मग मीही हात हलवला, बस वळून दिसेनाशी होईपर्यंत.