सव्वादहाची कॉफी

"सेंका, रक्तदात्यांची फाइल परत बिघडली!" फोनवर रक्तपेढीतली यास्ना रडकुंडीला आली होती. "नाव लुका पेयिनचं आणि रक्तगट भलत्याच बाईचा! असं रक्त कोणाला चढवलं तर?"

सेंका वुयानोव बिघडलेल्या फाइली दुरुस्त करायची. ती दुपारच्या बसने तिसा नदीकाठच्या त्या रक्तपेढीत पोचली. दारातच संचालक डॉ. स्तानोयचिच उभे होते. जूनचा उकाडा, कपाळावर घाम, तरी गळ्यात मफलर.

"दार लावा आधी! वाऱ्याचा झोत लागला की मान धरते," ते म्हणाले. "आणि उगाच शोधत बसू नका. चोर सापडलाय. मिलोये. नोंदी तोच ठेवतो आणि यादीच्या नव्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला त्याचाच विरोध. उद्या त्याच्या बडतर्फीवर सही करतो."

"पुरावा?"

"बिघाड त्याच्याच खोलीतून होतो. आणखी काय हवं?"

निकाल आधी लावून पुरावा मागून शोधणारी माणसं सेंकाला मनापासून आवडत नसत.

सगळ्या रक्तदात्यांची यादी एकाच फाइलमध्ये होती. ती मिलोयेच्या कॉम्प्युटरवर असे आणि प्रयोगशाळेतली यास्नाही तिथूनच ती उघडून लिही. दोन आठवड्यांत ती आठ वेळा बिघडली होती. दर वेळी सव्वादहाच्या सुमारास. बुधवारी मात्र एकदाही नाही.

सेंकाने सगळ्यांना फाइल बंद करायला लावली, आधी तिची प्रत काढली आणि दुरुस्ती त्या प्रतीवर केली. तुटलेल्या नोंदी आदल्या रात्रीच्या प्रतीतून भरल्या, सकाळच्या नोंदी कागदी अर्जांवरून. पण हे नुसतं पंक्चर काढणं होतं. खिळा अजून रस्त्यावरच पडलेला होता.

मग ती मिलोयेसमोर बसली. म्हातारा हात घट्ट बांधून बसला होता.

"काका, सव्वादहाला तुम्ही काय करत असता?"

"कॉफी. दहाला डॉक्टर येतात. वसंतात बदलून आले तेव्हापासून त्यांना माझ्याच हातची लागते."

"रोज?"

"बुधवारी ते जिल्ह्याला जातात."

"आणि हा टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून का?"

"त्या फळीवरच्या पेटीसाठी. सगळे कॉम्प्युटर तिच्यातूनच जोडलेत. जून लागला की तापते बिचारी. दरवर्षी पंखा लावतो, दिवसभर चालू असतो."

"कॉफीच्या वेळी इथल्या कशाला कोणी हात लावतं?"

"कोणीच नाही. मुलांची शपथ!" त्याचा आवाज कापला. "डिसेंबरात निवृत्त होतोय, पोरी. एकोणतीस वर्षं झाली. या यादीतल्या निम्म्या लोकांना मी नावानं हाक मारतो. त्यांच्या रक्ताशी खेळलो म्हणून काढलं, तर गावात तोंड कसं दाखवू?"

यास्नाला विचारलं, तीही तेच म्हणाली. कोणीच हात लावत नाही.

शुक्रवारी दहाला सेंका त्याच खोलीत कॉफीला बसली. यास्नाला तिने गुपचूप फाइलच्या प्रतीवर काम करायला सांगितलं होतं. डॉक्टर आले, खिशातला बडतर्फीचा कागद त्यांनी टेबलावर ठेवला, जिल्ह्यातल्या साहेबांना शिव्या देत देत मागे हात नेला, पंखा बंद केला आणि फळीखालच्या खुर्चीत टेकले. मिलोयेने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

दहा वाजून तेरा मिनिटं झाली आणि पेटीवरचे दिवे विझले.

"गेली!" पलीकडून यास्ना ओरडली.

"बघितलंत?" डॉक्टर ताडकन उठले. "हाच तो!"

"काकांचे दोन्ही हात ट्रे धरण्यात गुंतलेत, डॉक्टर. तुमचा हात मोकळा आहे. जरा पेटीवर ठेवा."

त्यांनी ठेवला आणि हाय हाय करत झटकला.

"पंखा थांबला की ती तापते," सेंका म्हणाली. "तापली की क्षणभर बंद पडते. त्या वेळी कोणी लिहीत असेल, तर नोंद अर्धी पोचते आणि अर्धी वाटेतच राहते. नाव एकाचं, रक्तगट दुसऱ्याचा. पंखा रोज दहाला बंद होतो, बुधवार सोडून. आणि उठताना तुम्ही तो परत चालू करत असणार, म्हणून मागाहून येणाऱ्याला सगळं ठीकच दिसतं."

"पण... मानेला झोत लागत होता!"

"म्हणूनच तर कोणाला दिसलं नाही. माझ्या आईनंही हेच केलं असतं. मानेवरचा वारा बंद करणं म्हणजे कशाला हात लावणं, असं आपल्यात कोणाला वाटतं? काल सगळे मला खरंच सांगत होते." ती हसली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा, डॉक्टर. चोर तुमच्याच मफलरात होता."

डॉक्टरांनी टेबलावरचा कागद उचलला. तो फाडताना त्यांचे कान लाल झाले होते. "मिलोये, मी... चुकलो."

मिलोयेने ट्रे ठेवला. पंखा चालू केला. मग ती खुर्ची उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि स्वतःच तिच्यात ऐसपैस बसला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज साफ होता.

"कॉफी गार झाली, डॉक्टर. नवी करा. मला साखर दोन चमचे."

डॉक्टर निमूटपणे शेगडी पेटवायला गेले.