टेकू काढला का?

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भर दुपारची आहे.

आणि खरी आहे. कारण ती माझ्या मावशीची आहे, आणि मावशीला थाप मारता येत नाही. मारायला गेली की तिचे कान लालबुंद होतात.

मावशी आणि काकांचं लाकडाच्या कातकामाचं दुकान. लेथवर लाकूड गरगर फिरवायचं, हत्याराने कोरून वाट्या, फुलदाण्या काढायच्या. शेवटच्या पॉलिशसाठी काकांचे दोन नियम होते. आधी टेकू काढायचा. टेकू म्हणजे हत्यार टेकवायचा लोखंडी दांडा. तो राहिला तर त्याच्या आणि फिरत्या लाकडाच्या मधे बोटं सापडतात. आणि पॉलिश कागदाने करायचं. कापडाने कधीच नाही.

"कागद अडकला तर फाटतो," काका म्हणायचे. "कापड माणसाला घेऊन जातं."

आणि काका गेले ते कापडानेच.

गुरुवार होता. दुपारचे चार. मावशी घरी होती. भाऊजी, म्हणजे काकांचा धाकटा भाऊ, लाकूड आणायला गेले होते. परत येऊन बघतात तर काका मशीनपाशी पडलेले. डोकं लोखंडावर आपटलेलं, टेकू जागच्या जागी, बोटाला चिंधी गुंडाळलेली. असं भाऊजींनी सांगितलं.

मावशी रडली कमी, चिडली जास्त. जगाला शहाणपण शिकवणाऱ्या माणसाने स्वतः कापड घ्यावं? ह्यांनी मला दगा दिला, असंच तिच्या मनाने घेतलं. काकांचा फोटोसुद्धा तिने भिंतीवरून काढून कपाटात टाकला.

भाऊजींनी मात्र सगळं सावरलं. त्यांच्याही बोटाला तेव्हा पट्टी होती. लाकूड उतरवताना चेमटलं, म्हणाले. आठ दिवस ती पट्टी मावशीनेच बदलली.

मग मावशी स्वतः मशीनवर उभी राहिली.

एका दुपारी कातून झालं, ती हात धुवून आली, तर...

टेकू मशीनवर नव्हता.

खिडकीत होता. काका ठेवायचे तसा, उभा.

विसरले असेन, म्हणून तिने सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी नळापाशी असतानाच मागे आवाज आला... खण्ण. लोखंड दगडावर ठेवल्याचा. वळली, तर दुकानात कोणी नाही.

तिसऱ्या दिवशी कागद होते. पॉलिशचे चौकोनी तुकडे, हाताने फाडलेले, एकावर एक नीट रचलेले.

मावशी घाबरली नाही. भडकली.

"माझी बोटं जपता," ती रिकाम्या दुकानावर ओरडली, "मग त्या दिवशी अक्कल गहाण टाकली होती का?"

भाऊजींना तिने यातलं काही सांगितलं नाही. हसले असते.

असंच चाललं. काका जाऊन तीन वर्षं झाली. पुन्हा एक गुरुवार. मावशीचं मनगट दुखत होतं.

"बसा वहिनी, ही फुलदाणी मी पुरी करतो," भाऊजी म्हणाले.

ती कोपऱ्यात सुतळी घेऊन पुडकी बांधत बसली. भाऊजींनी मशीन चालू केलं आणि खिशातून चिंधी काढली. मावशी बोलणार, तेवढ्यात...

मशीनचा आवाज गेला.

लाकूड फिरत होतं. आवाज नव्हता. त्या शांततेत खिडकीपाशी कोणीतरी दमल्या सुरात विचारलं,

"टेकू काढला का?"

मावशीच्या हातातली सुतळी गळाली. भाऊजी मात्र दचकलेच नाहीत. मान न वळवता, सवयीने वैतागून बोलून गेले,

"काढतो रे दादा. त्या दिवशीपण हेच टुमणं लावलं होतंस."

मग त्यांचा हात थांबला.

"त्या दिवशी?" मावशी उठली. "त्या दिवशी तर तुम्ही लाकूड आणायला गेला होतात ना, भाऊजी?"

त्यांनी मशीन बंद केलं. तोंड खडूसारखं पांढरं पडलं होतं.

"कापड माझं होतं, वहिनी. बोट अडकलं. दादा मला सोडवायला धावला. मला खेचलं आणि... तोच मागे पडला."

"आणि ह्यांच्या बोटाला चिंधी?"

"ती मीच गुंडाळली. नंतर."

"मी ह्यांना तीन वर्षं शिव्या घातल्या," मावशी म्हणाली. "तुम्ही माझ्या हातचं जेवत त्या ऐकल्यात. वर पट्टीही माझ्याकडूनच बदलून घेतलीत!"

"मला वाटलं, तुम्ही घराबाहेर काढाल."

तिने काढलंच. त्याच संध्याकाळी.

काकांचा फोटो पुसून पुन्हा भिंतीवर लावला. माफी मागितली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम टेकू मशीनवर ठेवला, नळापाशी गेली, आणि कान देऊन उभी राहिली.

खण्ण झालं नाही. पुन्हा कधीच झालं नाही. शिव्या ऐकायला होते, माफी ऐकायला थांबले नाहीत, म्हणून ती फार रडली.

मागच्या महिन्यात फोन आला. गुरुवार. दुपारचे चार. भाऊजींनी दूर कुठेतरी स्वतःचं लेथ टाकलं होतं.

"वहिनी, रागावू नका. मी हल्ली टेकू काढतो. काढून खिडकीत ठेवतो. पण वळून बघतो तर..."

"तर काय?"

"परत मशीनवर असतो. लाकडाला चिकटून. शेजारी चिंधी. घडी घातलेली."

त्यांच्या मागे घरघर ऐकू येत होती.

"भाऊजी, आधी ते मशीन बंद करा."

"मी चालूच केलं नाहीये, वहिनी."

फोन कटला. तेव्हापासून तो लागलेला नाही.

परवा मी मावशीला सरळ विचारलं, हे काकाच असतील का गं?

"छे!" ती म्हणाली. "ह्यांनी कधी मुंगी मारली नाही. हे असं करणारच नाहीत."

तिचे कान लालबुंद झाले होते.