साडेदहा ग्रॅम

हृतिकने मिठाचा खडा जिभेवर ठेवला आणि अविटल किंचाळलीच.

“थुंक! आधी थुंक ते!”

त्याने बेसिनपाशी जाऊन चूळ भरली आणि शांतपणे सांगितलं, “मीठच हाय. पण आमच्याकडचं नाय.”

“लॅबमधलं काही तोंडात घालतात का कुणी?”

“माझा आजा नुसता खडा चाखून सांगतो, कुठल्या मिठागरातलं ते.”

“तुझ्या आजोबांच्या मिठागरात शेजारच्या बाटलीत विष ठेवत नाहीत.”

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे, मग तोंड. ही नोंद अविटलने कुठेच लिहिली नाही. पण ती राहिली.

पनवेलच्या त्या कॉलेजात बी.एस्सी.चं पहिलं वर्ष होतं. तिची पार्टनर रिया काविळीने घरी होती, म्हणून मनिषा मॅडमनी उशिरा प्रवेश घेतलेला हा उरणकडचा मुलगा तिच्या टेबलावर आणून उभा केला. पुढे रिया बरी होऊन आली आणि पहिल्या टेबलावर विनायकबरोबर बसली. खिडकीजवळची ही जोडी तशीच राहिली.

अविटलने त्याला चुंबक कागदात गुंडाळायला शिकवलं. “उघडं फिरवलंस तर लोखंडाचा कीस काढता काढता परीक्षा येईल.” त्याने तिला वाळू धुताना पाणी कसं हळूच ओतायचं ते दाखवलं. आणि गाळणकागदातून थेंब... थेंब... पडत असताना दोघांना बोलण्यावाचून काही कामच नसे. तिला कळलं, की त्यांचं मिठागर आता एवढंसंच उरलंय, बाकीच्या जमिनीवर इमारती आल्यात. त्याला कळलं, की ही शनिवारी का दिसत नाही.

“शब्बाथ, आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम नाही. लिहायचंही नाही.”

“मग करता काय?”

“आई दिवे लावते. बाबा पोळी मोडून मिठाला लावतात आणि एकेक तुकडा देतात.”

“मिठाला?” तो एवढा खूश झाला, जणू त्याच्या घरच्यांचंच नाव घेतलं होतं.

जानेवारीत मॅडमनी जाहीर केलं, “दहा ग्रॅम मिश्रण. लोखंड, वाळू, मीठ वेगळं करा, वजनं घ्या. बेरीज दहाच्या दोन टक्क्यांत आली पाहिजे. नाही आली, तर मी पार्टनर बदलणार. काही टेबलांवर गप्पाच जास्त चालतात.”

रियाने मागे वळून खिडकीकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या.

प्रयोग शुक्रवारी होता. लोखंड भरलं दोन पूर्णांक शून्य पाच, वाळू चार पूर्णांक दहा. मिठाचं पाणी बशीत आटायला ठेवलं तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. अविटलला निघायला हवं होतं.

“पूर्ण कोरडं कर. उद्या वजन घे. आणि हृतिक... जपून.”

“आजाच्या नातवाला मीठ शिकवतेस?”

सोमवारी वहीत त्याच्या अक्षरात आकडे होते. मीठ तीन पूर्णांक ऐंशी. बेरीज नऊ पूर्णांक पंचाण्णव. छान बेरीज. अविटलला इतका आनंद झाला, की तिला स्वतःचीच लाज वाटली. पण प्रत्येक वजन दोनदा करायची तिची सवय होती. तिने बशी तराजूवर ठेवली आणि रिकाम्या बशीचं वजन वजा केलं.

चार पूर्णांक पस्तीस.

पुन्हा ठेवली. तेच.

“हृतिक, दहा घातले आणि साडेदहा निघाले. वाढवलंस कसं?”

त्याने मान खाली घातली. “बर्नरवर तडतडायला लागलं. खडे उडून जातील म्हणून बंद केला आणि बशी खिडकीत उन्हात ठेवली. आमी तसंच सुकवतो. वरून कोरडं दिसलं.”

“आत पाणी राहिलंय. पण मी ते विचारत नाहीये. वहीतला आकडा कुठून आला?”

नळ ठिबकत होता.

“पार्टनर बदलला असता,” तो म्हणाला. “मला मार्कांचं काय नाय.”

तिचे कान तापले. असं कुणी तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि नेमकं सांगितलं ते खोट्या आकड्यातून! वही मिटली असती तर कुणालाही कळलं नसतं. खिडकी, थेंब, शुक्रवार, सगळं तसंच राहिलं असतं.

तिने तीन पूर्णांक ऐंशीवर एक सरळ रेघ मारली, शेजारी चार पूर्णांक पस्तीस लिहिलं आणि वही घेऊन मॅडमकडे गेली. हृतिक मुकाट्याने मागे आला. “आकडा मी लिहिला होता, मॅडम. तिचा काही संबंध नाय.”

मॅडमनी दोघांकडे पाहिलं. “मीठ पुन्हा तापवा. बशीवर काच झाका, म्हणजे खडे उडणार नाहीत.” मग वहीवर सही करत म्हणाल्या, “आणि हृतिक, उद्यापासून रिया खिडकीजवळ, तू पुढे विनायकबरोबर.”

काचेखाली मीठ तडतडलं, मग गप्प झालं. बर्नर बंद करून बशी निवल्यावर खरं वजन आलं तीन पूर्णांक शहात्तर, म्हणजे बेरीज नऊ पूर्णांक एक्क्याण्णव, दोन टक्क्यांच्या आतच. दोघांनी ते वाचलं आणि वहीत लिहिलं.

तीन दिवस अविटलने पहिल्या टेबलाकडे पाहिलं नाही. रिया म्हणाली, “बघ गं एकदा. तो बिचारा चुंबक चार-चार कागदांत गुंडाळतोय.”

शुक्रवारी गेटपाशी हृतिक उभा होता. हातात कागदाची पुडी.

“आजाचं मीठ. गेल्या साली काढलेलं.”

“कोरडं आहे?”

“तव्यावर भाजलं. सगळीकडं उडलं, आई जाम ओरडली.” मग हळूच, “वजन दोनदा केलं.”

तिने पुडी हातात घेतली. त्याच्या मुठीत ती कोमट झाली होती.

“चाखून बघितलंस?”

“नाय. तू रागावतेस.”

“आमच्या घरी चाललं असतं.” तिने घड्याळ पाहिलं, सूर्य मावळायला अजून वेळ होता. “पाहुणा असला, की बाबा पहिला तुकडा त्याला देतात. सहाच्या आत ये... उशीर करू नकोस.”

“मी आत्ताच आलो तर?”

अविटल हसली आणि त्याला शेजारून चालता यावं एवढी बाजूला सरकली.