नारळाखालची चिठ्ठी

"हातातल्यो पाटल्यो खंय गेल्यो, ता सांग आधी!"

सासूबाईंनी जानकीची ट्रंक उंबऱ्यापर्यंत ओढत आणली, तेव्हा चकाल्याच्या त्या चाळीत नळाला पाणी आलं होतं आणि रांगेतली एकेक बाई हंडा विसरून कान टवकारून उभी होती. शकूला जाऊन आज वर्ष झालं... पाच वर्षांची एवढीशी पोर, मेंदूच्या कर्करोगानं चार महिन्यांत संपली! आणि नेमके आजच सुनेचे भुंडे हात सासूच्या डोळ्यांत भरले.

"विकल्या, आई," जानकी शांतपणे म्हणाली. "पैसे रुग्णालयात दिले. शकूसारख्या पोरांच्या आजारावर संशोधन करायचंय डॉक्टरांना, पण त्यासाठी पैसा उभा राहत नाहीये."

"संशोधन?" दशरथ ताडकन उठला. "संपात गिरणी गेली, घरात दाणा नव्हता, तरी मी त्या पाटल्यांना हात लावला नाही! आणि तू खुशाल देऊन आलीस? पोर परत येणार आहे का?"

"नाही येणार. पण दुसऱ्या कुणाची तरी..."

"दुसऱ्यांचा पुळका! स्वतःच्या पोरीचं डोकं ठणकत होतं तेव्हा कुठं होतीस? मरोळच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरत होतीस! वेळेवर नेलं असतंस तर..."

तर...! या एका शब्दानं वर्षभर तिचं काळीज सोललं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच! कारण खरं काय ते जानकीला ठाऊक होतं. ती कामावर असताना सासूबाईंनीच शकूला नाक्यावरच्या डॉक्टरकडे नेलं होतं, आणि "उष्णता झाली, गोळ्यो दिल्यान" एवढंच संध्याकाळी सांगितलं होतं. पुढे पोरीचा डोळा तिरळा झाला, चालताना तोल जाऊ लागला, तेव्हा जानकी स्वतः तिला उचलून मोठ्या रुग्णालयात धावली. शकू गेल्यावर देव्हारा पुसताना नारळाखाली त्या नाक्यावरच्या डॉक्टरची चिठ्ठी सापडली. 'मुलीला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे.' तारीख... जानकीनं पोरीला मोठ्या रुग्णालयात नेलं, त्याच्या एकवीस दिवस आधीची!

जानकीनं ती चिठ्ठी पदराआड केली आणि दोष मुकाट्यानं आपल्या माथी घेतला. गिरणी गेली, लेक गेली; आता या माणसाची आईही कशी हिरावून घ्यायची?

तिनं फक्त रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारलं होतं, "आधी आणलं असतं तर वाचली असती?" डॉक्टर म्हणाले, "खरं सांगू? ठाऊक नाही. ते कळायलाच तर अभ्यास हवा. त्याला यंत्रं हवीत, माणसं हवीत... आणि प्रत्येक पोराची खरी हकिकत हवी." त्यांनी दिलेला फॉर्म तिनं भरला. एकच ओळ कोरी राहिली होती.

सासूबाईंनी ट्रंक उपडी केली. शकूचा पिवळा फ्रॉक पडला, फॉर्म पडला, आणि फॉर्मातून एक कुंकवाचे डाग पडलेला कागद निसटला. म्हातारीला अक्षरओळख नव्हती, पण आठ घड्या आपल्याच हाताच्या, हे तिनं तत्क्षणी ओळखलं. तिनं तो उचलला.

"ही... ही तुका कधी गावली?"

"वर्ष झालं, आई."

"कसली चिठ्ठी?" दशरथनं विचारलं.

"काही नाही हो. जुना कागद आहे." जानकीनं घाईनं हात पुढे केला.

पण म्हातारी कागद सोडीना. वर्षभर जिला अवदसा म्हटलं, ती अजूनही आपल्यालाच पाठीशी घालतेय! तिला हुंदका आवरेना...

"जुनो कागद नाय, रे दशरथा! माझा पाप हा ता! डॉक्टरान तेव्हाच सांगलेला, पोरीक मोठ्या हास्पिटलात ने म्हणान. माका भिया वाटला, थंय तिचा डोक्या कापतीत. गावाक माणूस धाडलंय, देवाचो कौल मागलंय. एकवीस दिसांनी, सुनेन तिका नेल्यान त्याच दिसा उत्तर इला... देव म्हणालो, 'घेऊन जा'!"

दशरथ आईच्या अंगावर धावला. "निघ! माझ्या घरातून निघ!"

जानकी मध्ये उभी राहिली. "हेच नको होतं मला! म्हणून वर्षभर तुमचे शब्द सोसले. आता यांना हाकलणार असाल तर मीही यांच्याबरोबर निघाले!"

दशरथ भिंतीकडे तोंड करून मटकन बसला, आणि इतका मोठा पुरुष पोरासारखा रडू लागला. "मला... मला तुझ्याकडे बघवत नाही गं, जानकी..."

म्हातारीनं डोळे पुसले नाहीत. जमिनीवरचा फॉर्म उचलून तिनं सुनेपुढे धरला.

"ह्यात काय विचारलाहा?"

"दुखणं सुरू कधी झालं... न्यायला उशीर झाला का, आणि का."

"आणि तू ता कोराच ठेवलंस?"

जानकीनं जमिनीवरचा पिवळा फ्रॉक उचलून उराशी धरला.

"लिव," म्हातारी म्हणाली. "एकवीस दिस. आजयेन थांबवल्यान. माझा नाव घाल, रत्नप्रभा. तुझा नको. आणि माका त्या डॉक्टराकडे ने. तेका माझ्याच तोंडान सांगतंय."

जानकीनं पेन उघडलं. कागदावर टपकन आसवं पडली. ती आपली की सासूबाईंची, हे तिनं पाहिलं नाही. तिनं लिहिलं, एकवीस दिवस.